फँटसी फुटबॉल लीग: नियमांवरून वाद झाला तर निवाडा कसा करावा?

शिकागोकर

फँटसी फुटबॉलमध्ये आपण खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बनवतो आणि त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीवरून गुण मिळतात. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात लीगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिलं भांडण पेटतं. बहुतेक भांडणं त्याच चार-पाच गोष्टींवरून होतात: ट्रेड (दोन संघांमधली खेळाडूंची अदलाबदल), वेव्हर (मोकळे खेळाडू घ्यायची पद्धत), मागाहून दुरुस्त झालेले गुण, पुढे ढकललेला सामना आणि लाइनअप (त्या आठवड्याला उतरवायचे खेळाडू) न लावणारा मॅनेजर, म्हणजे संघमालक. त्यांचा निवाडा कसा करायचा हे एका जागी लिहून ठेवावं म्हणून हा धागा. इथे अमेरिकन फुटबॉलबद्दलच बोलू. इंग्लिश प्रीमियर लीगची फँटसी वेगळी, तिथे एकच खेळाडू सगळ्यांना घेता येतो, त्यामुळे वादही वेगळे.

माझं म्हणणं आधीच मांडतो. वाद आला की लोक ‘न्याय्य काय’ इथून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण बारा जणांचे बारा न्याय असतात. पहिला प्रश्न एवढाच विचारावा: हे घडलं त्याआधी काय ठरलं होतं? गल्लीत एक टप्पा आउट आहे की नाही हे टॉसआधी ठरतं, झेल घेतल्यावर नाही.

उत्तर शोधायचा क्रम असा ठेवा. आधी लीगची लेखी घटना, म्हणजे ड्राफ्टच्या (हंगामाआधी खेळाडू वाटून घेण्याच्या) आधी सगळ्यांना पाठवलेला, तारीख असलेला कागद. त्यात नसेल तर प्लॅटफॉर्मवरचं (याहू, ईएसपीएन अशा लीग चालवणाऱ्या साइटवरचं) लीग सेटिंगचं पान. तिथेही नसेल तर त्या प्लॅटफॉर्मचा सर्वसाधारण नियम. तिन्हींकडे काही सापडलं नाही तरच माणसांनी निर्णय द्यायचा. हा निर्णय एकट्या कमिशनरने (लीग चालवणाऱ्याने) देऊ नये. ड्राफ्टच्याच दिवशी तीन जणांची समिती आणि एक राखीव सदस्य निवडावा. ज्याचा वाद आहे, किंवा ज्याच्या त्या आठवड्याच्या सामन्यावर निकालाचा परिणाम होतो, त्याने बाजूला व्हायचं आणि राखीव सदस्याने त्याच्या जागी बसायचं. मुदत २४ तास. निर्णय चार ओळींत का होईना पण लेखी, कोणत्या कलमावर आधारलाय ते सांगून, लीगच्या मेसेज बोर्डवर टाकायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पुसता येतो आणि दोन आठवड्यांत तो वरही निघून जातो, म्हणून तिथे नको.

राखीव_गडी

घटना आणि सेटिंग यांच्यातच विसंगती निघाली तर? हा वाद फार येतो, विशेषतः लीग एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर नेली की. याहूवर इंटरसेप्शनला (आपला पास समोरच्या संघाने झेलला तर) वजा १ आणि ईएसपीएनवर वजा २ असं आपोआप लागलेलं असतं. झेललेल्या प्रत्येक पासला याहू अर्धा गुण धरतं, ईएसपीएन पूर्ण. डिफेन्सने समोरच्याला एकही गुण करू दिला नाही तर याहूवर १० मिळतात, ईएसपीएनवर ५. कमिशनर नवीन लीग उघडतो, रोस्टरचे (संघातल्या खेळाडूंच्या यादीचे) आकडे बदलतो आणि बाकीचं तसंच राहतं. सहाव्या आठवड्यात कुणीतरी सामना दीड गुणाने हरतो आणि मग हिशेब काढतो.

शिकागोकर

@राखीव_गडी, चांगला मुद्दा. घटनेत आकडा स्पष्ट असेल तर घटना खरी, पण पुढच्या आठवड्यापासून. झालेले आठवडे उलटवायचे नाहीत. कारण साधं आहे: सेटिंगचं पान पहिल्या दिवसापासून सगळ्यांना उघडं होतं आणि सगळ्यांनी त्याच आकड्यांकडे बघून लाइनअप लावल्या. घटनेत आकडाच नसेल तर सेटिंग चुकीचं वाटलं तरी हंगामभर तेच चालणार.

ड्राफ्टच्या आठ दिवस आधी सेटिंगच्या पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाका आणि प्रत्येकाकडून ‘वाचलं’ असं लिहून घ्या. एवढ्याने अर्धे वाद जन्मालाच येत नाहीत.

डॅलसची दुर्गा

ट्रेडबद्दल सविस्तर लिहिते, कारण लीग मोडतात त्या यावरूनच.

आधी मतदानाने व्हीटो, म्हणजे बाकीच्यांनी मतं देऊन ट्रेड रद्द करणं, ही पद्धत बंद करा. बारा जणांच्या लीगमध्ये चार विरोधी मतांनी ट्रेड रद्द होते असं समजा. पहिल्या चारात असलेल्या प्रत्येक मॅनेजरला, आपल्या मागचा संघ मजबूत होऊ नये म्हणून, विरोधात मत द्यायचा मोह होतो. ते मत ट्रेडच्या योग्यायोग्यतेवर नसतं, स्वतःच्या गुणतक्त्यावर असतं. शिवाय कुणी का विरोध केला हे विचारायची सोय नसते.

व्हीटो फक्त संगनमतासाठी असावा. वाईट ट्रेड करायचा हक्क प्रत्येकाला आहे. आठवड्याला १८ गुण देणारा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) देऊन कुणी ११-११ गुणांचे दोन रिसीव्हर (पास झेलणारे) घेतले तर ते तुम्हाला मूर्खपणाचं वाटेल, पण त्याच्या संघात तीन जागा रिकाम्या पडत असतील आणि बाय वीक (खेळाडूच्या संघाचा सुट्टीचा आठवडा) एकाच वेळी येत असतील तर तो हिशेब बरोबरही असेल.

संगनमत ओळखायचं कसं? समितीने दोन्ही मॅनेजरना वेगवेगळं, लेखी विचारावं: या ट्रेडने तुमच्या संघाला काय मिळतं? फुटबॉलमधलं कुठलंही कारण चालेल. दुखापतीची भीती, पुढच्या तीन आठवड्यांचे प्रतिस्पर्धी, बाय, त्या खेळाडूवरचा विश्वास, काहीही. दोघांपैकी एकालाही स्वतःच्या संघाबद्दलचं कारण देता आलं नाही, आणि उत्तर ‘मी तसाही बाहेरच आहे, त्याला जिंकू दे’ या वळणाचं असेल, तर ट्रेड रद्द.

तीन गोष्टी मात्र कारण न विचारताच बंद असाव्यात. एक, उसनवारी: माझ्या क्वार्टरबॅकचा (पास फेकणाऱ्याचा) बाय आहे, तुझा एक आठवडा दे, पुढच्या आठवड्यात परत घे. घटनेत लिहा की ट्रेडमध्ये गेलेला खेळाडू त्याच दोन संघांमध्ये चार आठवडे परत फिरणार नाही. दोन, ट्रेडच्या बदल्यात लीगबाहेरची कुठलीही वस्तू, मग ते पैसे असोत, जेवण असो वा पुढच्या वर्षीची मेहेरबानी. तीन, दोन संघांनी मिळून वेव्हरवर बोली ठरवणं.

बे_एरिया_बाळू

दुर्गाताई, सगळं पटलं. एक तांत्रिक भर घालतो, कारण ट्रेडचा अर्धा राग ‘कधी लागू झाली’ यावरून असतो. परीक्षणाची मुदत (ट्रेड मान्य झाल्यापासून लागू होईपर्यंतचा वेळ) दोन दिवस ठेवली आणि ट्रेड शुक्रवारी रात्री ९ ला मान्य झाली, तर ती रविवारी रात्री लागू होते. तोवर दुपारी १ चे आणि ४ चे सामने संपलेले असतात, खेळाडू जुन्या मालकासाठीच खेळलेले असतात. दोघांनाही वाटतं की आपल्याला फसवलं. मुदत एक दिवसाची करा आणि लिहून ठेवा: शनिवारी दुपारी १२ नंतर, ईस्टर्न (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या) वेळेने, मान्य झालेली ट्रेड पुढच्या आठवड्यासाठीच. त्या दिवशी कुणी कमिशनरला ‘लवकर लागू कर ना’ म्हणून गळ घालणार नाही.

वाऱ्यावरचा_पतंग

ईस्टर्न वेळेचा उल्लेख आला म्हणून विचारतो. आपल्या लोकांच्या लीगमध्ये बऱ्याचदा एखादा भाऊ किंवा जुना रूममेट पुण्या-मुंबईहून खेळत असतो. त्याच्यासाठी मुदती वेगळ्या ठेवायच्या का?

बे_एरिया_बाळू

नाही. सगळ्या मुदती एकाच घड्याळाने, आणि ते घड्याळ ईस्टर्न. पण तक्ता करून द्या. रविवारी दुपारी १ म्हणजे भारतात रात्री १०.३०. सोमवारचा ८.१५ चा सामना म्हणजे मंगळवारी पहाटे ५.४५. लंडनचा सकाळी ९.३० चा सामना म्हणजे संध्याकाळी ७. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, भारतातली जात नाहीत, त्यामुळे त्या दिवसापासून हे सगळं एक तास उशिरा. हा बदल विसरून ‘माझ्याकडे अजून वेळ होता’ म्हणणाऱ्याला सवलत नाही, म्हणून आठवण त्या आठवड्याच्या गुरुवारीच टाका.

राखीव_गडी

आता गुणांच्या दुरुस्तीकडे वळू. एनएफएलची अधिकृत आकडेवारी इलायस स्पोर्ट्स ब्युरोकडे असते. सामन्यानंतर चित्रीकरण पुन्हा बघून काही नोंदी बदलतात आणि प्लॅटफॉर्म साधारण गुरुवारपर्यंत त्या उचलतात. मंगळवारी जिंकलेला माणूस गुरुवारी हरलेला असू शकतो.

नेहमीचं उदाहरण बबल स्क्रीनचं, म्हणजे रिसीव्हरला बाजूला दिलेल्या छोट्या पासचं. चेंडू ३५ यार्डांच्या रेषेवरून सुरू झाला. क्वार्टरबॅकने ३० वरून बाजूला फेकला, रिसीव्हरने २९ वर पकडला आणि ४१ पर्यंत पळाला. मैदानावर नोंद झाली: पूर्ण पास, ६ यार्ड. चित्रीकरणात दिसलं की चेंडू मागे गेलाय, म्हणजे तो पास नव्हताच, रनिंगची चाल होती. अर्धा पीपीआर (प्रत्येक झेलाला अर्धा गुण) असेल तर रिसीव्हरचे झेलाचे ०.५ अधिक यार्डांचे ०.६ असे १.१ गुण होते, आता फक्त ०.६. क्वार्टरबॅकच्या खात्यातले ६ यार्ड गेले, म्हणजे ०.२४. दोघे एकाच फँटसी संघात असतील तर एकूण ०.७४ चा फटका. उपांत्य सामना ११८.३२ विरुद्ध ११७.९० असा संपला असेल, तर आता ११७.५८ विरुद्ध ११७.९०. निकाल फिरला.

इथे वाद दुरुस्ती मानायची की नाही हा नाहीच, ती मानायचीच. खरा वाद मधल्या दोन दिवसांचा आहे. बुधवारी पहाटे वेव्हर झाली, ‘हरलेल्या’ने बोलीच लावली नाही, आणि गुरुवारी तो अंतिम फेरीत पोचला, तेही जखमी टाइट एंड (पास झेलणारा आणखी एक खेळाडू) घेऊन.

शिकागोकर

त्यासाठी कलम हवं: प्लेऑफमध्ये (हंगामाच्या शेवटच्या बाद फेरीत) दोन गुणांपेक्षा कमी फरक असेल तर दोन्ही संघ ‘जिवंत’ मानले जातील, दोघांनाही वेव्हरवर बोली लावता येईल, आणि दोघांनीही पुढच्या आठवड्याची लाइनअप लावून ठेवायची. हरलेल्या संघाला खेळाडू घेण्यापासून रोखणारं सेटिंग काही ठिकाणी असतं, ते बंद ठेवा.

आणि नाताळ बघा. २०२४ मध्ये सतराव्या आठवड्याचे दोन सामने बुधवारी, २५ डिसेंबरला होते. २०२५ मध्ये २५ तारीख गुरुवारी आली आणि पहिला सामना दुपारी १ लाच. म्हणजे बहुतेक लीगच्या अंतिम आठवड्यातले खेळाडू गुरुवारची मुदत संपायच्या आतच मैदानात. वेळापत्रक मे महिन्यात जाहीर होतं, तेव्हाच हे बघून त्या वर्षापुरती टीप घटनेत टाकावी.

डॅलसची दुर्गा

सामना पुढे ढकलला किंवा रद्द झाला तर काय, हेही याच धाग्यात नक्की करूया.

२०२० मध्ये कोविडमुळे हे सारखं झालं. टायटन्स-स्टीलर्स सामना चौथ्या आठवड्यातून थेट सातव्यात गेला. टायटन्स-बिल्स मंगळवारी खेळले. थँक्सगिव्हिंगच्या रात्रीचा रेव्हन्स-स्टीलर्स सामना बुधवारी, २ डिसेंबरला झाला. डिसेंबर २०२१ मध्ये पंधराव्या आठवड्याचे दोन सामने मंगळवारी गेले, आणि तो कित्येक लीगचा प्लेऑफचा पहिला आठवडा होता. तेव्हा ज्यांच्याकडे नियम होता त्यांचं निभावलं: एनएफएलने सामना त्याच क्रमांकाच्या आठवड्यात धरला तर गुण त्याच आठवड्यात, मग तो बुधवारी का होईना. दुसऱ्या आठवड्यात ढकलला तर शून्य.

शून्य कठोर वाटतं, म्हणून त्याला जोड हवी, आकस्मिक बदलीची. सामना धोक्यात आहे अशी बातमी असेल तर मॅनेजरने रविवारी दुपारी १ च्या आत मेसेज बोर्डवर लिहायचं: ‘अमुक खेळाडूचा सामना झाला नाही तर माझ्या बेंचवरचा (राखीव) तमुक.’ नाव एकच. ज्याचं नाव दिलं त्याचा सामना तेव्हा सुरू झालेला नसावा. सामना खरंच ढकलला गेला तर कमिशनर हाताने बदल करतो. नंतर आठवण झाली तर बदली नाही.

आणि २ जानेवारी २०२३. सिनसिनाटीत बिल्स-बेंगल्स, सोमवारची रात्र, सतरावा आठवडा. पहिल्याच क्वार्टरमध्ये डमार हॅमलिन कोसळला, त्याचं हृदय मैदानावर थांबलं. बेंगल्स ७-३ ने पुढे होते. सामना थांबवला आणि तीन दिवसांनी रद्द केला. तो वाचला, पुढच्या हंगामात खेळलाही, आणि त्या रात्री कुणालाही गुण सुचायला नको होते. पण बहुसंख्य लीगचा तो अंतिम सामना होता, आणि जॉश अ‍ॅलन, डिग्ज, बरो, चेस हे असंख्य संघांत होते. मग प्रत्येक लीगने मनाला येईल ते केलं: कुणी खेळाडूची हंगामी सरासरी धरली, कुणी अठराव्या आठवड्याचे गुण घेतले, कुणी होता तो आकडा अंतिम मानला, कुणी बक्षीस वाटून घेतलं.

माझ्या मते सुरू होऊन रद्द झालेल्या सामन्यासाठी एकच कलम टिकतं. नियमित हंगामात झालेले गुण तेवढेच. अंतिम सामन्यात, दोघांपैकी कुणाचाही खेळाडू त्या सामन्यात असेल आणि त्याच्याविनाच निकाल निश्चित झालेला नसेल, तर संयुक्त विजेते आणि पहिल्या-दुसऱ्या बक्षिसाची बेरीज निम्मी-निम्मी. सरासरी धरणं मला चुकीचं वाटतं. न खेळलेल्या खेळाला आपण गुण देतो, आणि सरासरी कुठल्या आठवड्यांची यावर नवा वाद सुरू होतो.

वाऱ्यावरचा_पतंग

दुर्गाताई, अठराव्या आठवड्याचे गुण का नकोत? तिथे निदान खेळ तरी होतो.

डॅलसची दुर्गा

कारण अठराव्या आठवड्यात एनएफएलच्या प्लेऑफमधली जागा पक्की झालेले संघ आपले मुख्य खेळाडू बसवतात. म्हणूनच तर अंतिम सामना सतराव्यात ठेवतात. उत्तम संघाचे खेळाडू घेतल्याची शिक्षा त्या मॅनेजरला का?

राखीव_गडी

वेव्हर थोडक्यात. १०० डॉलरचं काल्पनिक बजेट आणि बंद बोली, ही पद्धत क्रमवारीपेक्षा कमी भांडणाची. तरी तीन गोष्टी लिहाव्या लागतात. शून्याची बोली चालते का. बरोबरी झाली तर खेळाडू कुणाला (गुणतक्त्यात खाली असलेल्याला, हे सोपं). आणि १७ च्या जागी ७१ टाकले तर? परत मिळणार नाहीत. कारण ते परत दिले तर दुसऱ्या क्रमांकाची बोली कुणाची होती हे उघड करावं लागतं, आणि ती माहिती फुटली की पुढचे सगळे आठवडे बिघडतात.

बे_एरिया_बाळू

बोलीचं मान्य. पण चुकून सोडलेला खेळाडू? बोट घसरतं आणि पहिल्या फेरीचा रिसीव्हर वेव्हरवर जातो. तो परत द्यायला हवा.

राखीव_गडी

मी विरोधात. एकदा परत दिला की दर आठवड्याला कुणाचं तरी बोट घसरतं. याहू आणि ईएसपीएन दोन्हीकडे सोडता न येणाऱ्या मोठ्या खेळाडूंची यादी असते. ती चालू ठेवा, म्हणजे खरा अपघात तिथेच अडतो. बाकीचं ज्याचं त्याने बघावं.

बे_एरिया_बाळू

ती यादी लहान असते आणि उशिरा बदलते. मधला मार्ग असा: सोडल्यापासून ३० मिनिटांत मेसेज बोर्डवर लेखी, त्याच व्यवहारात आत घेतलेला खेळाडू परत सोडायचा, मधल्या वेळात कुणाचाही सामना सुरू झालेला नसावा, आणि प्रत्येक संघाला हंगामात एकदाच. यात फायदा घ्यायला जागाच राहत नाही.

शिकागोकर

एकदाच आणि ३० मिनिटं, हे मला चालेल. लीगने ड्राफ्टआधी यातलं एक निवडावं, दोन्ही टिकतात. निवडलंच नसेल तर मात्र @राखीव_गडी यांचं म्हणणं लागू, कारण प्लॅटफॉर्मने व्यवहार मान्य केलेला असतो.

वाऱ्यावरचा_पतंग

आयआरच्या (इंज्युर्ड रिझर्व्ह, जखमींसाठी राखीव) जागेबद्दल कुणी लिहिलं नाही. जखमी खेळाडू तिथे ठेवला, तो बरा झाला, तरी मॅनेजर त्याला तसाच ठेवतो. म्हणजे बेंचवर एक जागा फुकट.

राखीव_गडी

प्लॅटफॉर्म अशा संघाला नवीन खेळाडू घेऊ देत नाही, बस. पण ज्याला कुणाला घ्यायचंच नाही तो आरामात बसतो. कलम: खेळाडूचा आयआरचा दर्जा गेल्यावर त्याच्या पुढच्या सामन्याच्या सुरुवातीपर्यंत त्याला बाहेर काढायचं. नाही काढला तर कमिशनर त्याला बेंचवर आणतो आणि बेंचवर सगळ्यात शेवटी आलेला खेळाडू सोडतो. कुणाला सोडायचं हे आधीच ठरलेलं असल्यामुळे कमिशनरवर आरोप येत नाही.

डॅलसची दुर्गा

लाइनअप न लावणाऱ्यांबद्दल. दोन प्रकार वेगळे करा. विसरणारा, आणि मुद्दाम हरणारा.

विसरणाऱ्यासाठी नियम मोजता येईल असा हवा: बायवर असलेला, ‘आउट’ जाहीर झालेला, किंवा रिकामी जागा, एवढंच मोजायचं. ‘यापेक्षा चांगला बेंचवर होता’ हे कधीही मोजू नका. पहिल्या वेळी सूचना, दुसऱ्यांदा पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये शेवटचा क्रमांक, तिसऱ्यांदा बदली मॅनेजर.

मुद्दाम हरण्याचा रोग डायनॅस्टी आणि कीपर लीगमध्ये (जिथे खेळाडू पुढच्या वर्षीही राखता येतात), कारण शेवटच्याला पहिला पिक, म्हणजे ड्राफ्टमधली पहिली निवड, मिळतो. त्यावर उपदेश करून काही होत नाही, बक्षीसच काढून घ्यावं लागतं. पिकचा क्रम पराभवांवर न ठरवता ‘कमाल संभाव्य गुणां’वर ठरवा, म्हणजे दर आठवड्याला त्या रोस्टरची सर्वोत्तम लाइनअप लावली असती तर किती झाले असते, त्याची बेरीज. जिची बेरीज सगळ्यात कमी ती टीम खरोखर दुबळी, तिला पहिला पिक. मग चांगला खेळाडू बेंचवर बसवून काही मिळत नाही, कारण तो बेरजेत धरलेलाच असतो.

वाऱ्यावरचा_पतंग

हे फार उपयोगी. शेवटचा प्रश्न: आमच्यासारख्या चालू लीगमध्ये यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि आत्ता आठवा आठवडा आहे. आता लिहायचं का?

शिकागोकर

लिहा, पण दोन भागांत. जो वाद अजून आलेलाच नाही (अंतिम सामना रद्द होणं, प्लेऑफमधली बरोबरी, उपांत्य फेरीत गुणदुरुस्ती), त्याचं कलम आत्ता एकमताने घालता येतं. बारापैकी बारा, अकरा नाही. कुणी नाही म्हटलं तर ते पुढच्या वर्षावर. गुणपद्धत, रोस्टर आणि वेव्हर यांना हंगामात हात लावायचा नाही, एकमत असलं तरी. कीपर लीग असेल तर हे बदल दोन हंगाम पुढचे धरा, कारण लोकांनी खेळाडू जुन्या नियमावर राखलेले असतात.

प्लेऑफच्या बरोबरीचं आजच करून टाका, तुमच्या हातात सहा-सात आठवडे आहेत. क्रम: नियमित हंगामात वरच्या क्रमांकाचा संघ पुढे. अंतिम सामन्यात मात्र आधी बेंचवरच्या खेळाडूंची बेरीज, मग वरचा क्रमांक. आणि हा क्रम सेटिंगमध्येही तसाच लागलाय का ते बघा. तिथे वेगळा असेल तर प्लॅटफॉर्म मंगळवारी सकाळी परस्पर विजेता जाहीर करून मोकळा होतो, आणि मग तुमचं कलम कुणी वाचत नाही.

वाऱ्यावरचा_पतंग

बघितलं. सेटिंगमध्ये वेगळाच आहे. आज रात्री ग्रुपवर टाकतो.